ऐकलंत का, वाड्यातली मोरी तुंबली!

अहो, ऐकलंत का? जरा भिंतीशी या, मोठ्यानं बोलायची सोय नाही. समोरच्या गॅलरीत त्या कपडे वाळत घालायचं निमित्त करून उभ्या आहेत… वर बघू नका हो! कोथिंबीर निवडताय ना, निवडत राहा. खाली बघूनच ऐका.

वाड्यातल्या मोरीचं कळलंच असेल. तुंबली हे काय, साऱ्या बोळाला कळलंय, वासच तसला होता. पण त्यातून निघालं काय, ते कळलं का? नाही ना? मग ती कोथिंबीर ठेवाच बाजूला.

आता वाडा म्हणजे आपला माळीवाड्यातला अगदी जुना वाडा, तुम्ही आत गेलेल्याच आहात. चौक, तुळस, वर लाकडी माडी. स्वयंपाकघरात पूर्वी खाली बसून भांडी घासायची मोरी होती. ती काढून त्यांनी ग्रॅनाइटचा ओटा केला, स्टीलचं सिंक बसवलं, वर टाइल्स लावल्या. सगळं वरवरचं हो! खाली पाइप तोच, आजोबांच्या वेळचा बिडाचा. चेहऱ्याला पावडर आणि पायाला भेगा, तसलं ते काम. मी तेव्हाच आमच्या ह्यांना म्हटलं होतं, जाऊ दे…

तर काय सांगत होते, दिवाळी. यंदा वाड्यातल्या काकूंच्या दोन्ही लेकी आल्या होत्या, एक पुण्याची, एक नाशिकची. मग काय विचारता! चकल्या, कडबोळी, अनारसे, शंकरपाळे. आणि काकूंचा हट्ट तुम्हाला माहीत आहे, शंकरपाळे डालड्यातच खुसखुशीत होतात. होतात बाई, मी नाही म्हणत नाही. पण तळण झाल्यावर खालचं काळं तेल, तुपाचा गाळ कुठं जातो? सिंकमध्ये. वर तपेलंभर उकळतं पाणी. "गरम पाणी घातलं की सगळं वाहून जातं," असं त्या मला स्वतः म्हणाल्या आहेत, याच भिंतीपाशी उभ्या राहून. दर वर्षीचं आहे हे. लग्न होऊन आल्या तेव्हापासूनचं.

दिवाळीचे दिवस तसे बरे गेले. तुळशीचं लग्न झालं, पाहुणे गेले, आणि मग ही नगरची थंडी पडली. नळाच्या पाण्यात हात घालवत नाही अशी. आणि सिंक कुरकुरायला लागलं. आधी पाणी हळू जायचं. मग गुडगुड आवाज. मग भांडी घासली की वीतभर पाणी तसंच, वर तेलाचे डोळे. आणि आला पाण्याचा दिवस. त्या दिवशी घरोघरी काय असतं ते काय सांगायचं, साठवलेली भांडी, पिंपं, गोधड्या, सगळं एका सकाळी. तर सिंक भरलं ते उतरेचना. ओट्यावरून पाणी खाली, खालून देवघराच्या उंबऱ्यापर्यंत.

आता बोलणं कुणाला बसायचं? सुनेला! दुसरं कोण आहे? काकू चौकात उभं राहून म्हणाल्या, म्हणजे आपल्याला ऐकू यावं अशाच बेतानं म्हणाल्या, "चहाचा चोथा टाकतात, त्या नूडल्स का फुडल्स टाकतात, मग काय होणार?" सून बिचारी पदर… छे, पदर कुठला, ओढणी खोचून पाणी उपसत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "आई, चहा मी पीतच नाही." अहो, काकूंचं तोंड असं झालं! उघडं राहिलं आणि मिटायचं विसरलं. चहा पिणारे घरात दोनच, काका आणि काकू. अख्ख्या बोळाला ठाऊक आहे ते.

मग उपाय सुरू झाले. एकेकाचा एकेक.

काकूंचा उपाय तुम्ही ओळखलाच असेल. उकळतं पाणी! हंड्यानं ओतलं. तासभर बरं वाटलं, पाणी थोडं गेलं, काकू विजयी मुद्रेनं ओसरीवर येऊन बसल्या. दुपारी पुन्हा तेच. का ते मला नंतर मिस्त्रींनी सांगितलं. ते मिस्त्री फार शहाणे, त्यांचं येतंच आहे पुढं. ते म्हणाले, "ताई, गरम पाण्यानं तूप वितळतं, पण ते घराबाहेर जात नाही, फक्त पुढं सरकतं. जिथं पाइप गार, तिथं परत बसतं." आता बघा, आपलं खोबरेल २४ अंशांच्या खाली गेलं की बाटलीत घट्ट होतं ना? साजूक तूप साध्या थंडीतही गोठतं. आणि डालडा तर मुद्दाम घट्ट केलेलंच तेल, ते वितळायला ४० अंशांच्या आसपासही ऊन लागू शकतं. जमिनीखालच्या पाइपात नगरच्या थंडीत ४० अंश कुठून येणार? शेंगदाण्याचं तेल म्हणून कमी त्रास देतं म्हणे. काकूंचं मात्र डालडा.

सुनेचा उपाय मोबाइलवरचा. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर. ओतलं, फसफस फेस आला, नातू टाळ्या पिटायला लागला. फेस बघायला छान असतो हो. पण तो फेस म्हणजे सोडावॉटरमधला असतो तोच गॅस, आणि मागं राहतं खारट पाणी. त्यानं तूप काय निघणार? कपाळ!

मग मुलाला चेव आला. त्यानं दुकानातून ती नाली साफ करायची पावडर आणली. पाकिटावर लिहिलेलं वाचायचं नाही, हे पुरुषांचं व्रतच असतं. अख्खं पाकीट उपडं केलं! त्यात कॉस्टिक सोडा असतो, अॅल्युमिनियमचे कण असतात. पाणी लागलं की ते असं तापतं, की सिंकला हात लावून बघा म्हणावं. वाफ, घाण वास, सून बाळाला घेऊन माडीवर. आणि उपयोग? काही नाही. उलट थोड्या पाण्यात जास्त पावडर पडली की ती पाइपातच दगडासारखी बसते.

आणि आता ऐका हं, खरी गंमत. काका संडासातली अॅसिडची बाटली घेऊन आले! "यावर हे ओततो, एकदम साफ." त्या पावडरीवर अॅसिड! सून माडीवरून ओरडली, "बाबा, नको!" असा आवाज त्या मुलीचा आम्ही कधी ऐकला नव्हता. कॉस्टिकवर अॅसिड पडलं की उसळून तोंडावर येतं, आणि त्यात ब्लीचिंग पावडर असली तर विषारी वायूच तयार होतो. काका बाटली हातात घेऊन तसेच उभे. मागं जावं तर सुनेचं ऐकलं असं होतं, पुढं जावं तर… शेवटी म्हणाले, "मी नुसतं दाखवायला आणली होती." दाखवायला म्हणे!

तर काय सांगत होते… हां, प्लंबर. सावेडीकडून एक पोरगा आला, मोटरसायकलवर, कानात ते बोंडूक. आल्याआल्या त्यानं रबरी पंप काढला आणि सिंकवर दणादण सुरू झाला. आता या वाड्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांचं पाणी एकाच पाइपात जातं. पंप मारायचा तर दुसरं भोक ओल्या फडक्यानं गच्च बुजवायला हवं, नाहीतर सगळा जोर तिकडूनच निघून जातो. हे त्याला कोण सांगणार? आणि त्याच वेळी काका अंघोळीला बसलेले!

अहो, नहाणीतून कारंजं उडालं! काळं, तेलकट, त्यात अनारशाची खसखस. काका पंच्यानिशी थेट चौकात. आणि चौकात कोण? मास्तर! आपले इतिहासाचे मास्तर, नेमके पेपर मागायला आलेले. मास्तरांचं तुम्हाला माहीत आहे, घर जळालं तरी ते आधी सनावळी सांगतील. काका ठिबकतायत, आणि मास्तर शांतपणे म्हणतात, "१६२४ मध्ये मलिक अंबरानं भातवडीचा तलाव फोडून मुघल-आदिलशाही फौजेच्या छावणीत असंच पाणी घातलं होतं. सगळी फौज चिखलात." काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हसावं की पेपर काढून घ्यावा, असा.

पण त्या पोराचंही वाईट झालं. त्याला पावडरीचं कुणी सांगितलंच नव्हतं. सिंकमधलं पाणी त्याच्या हातावर उडालं, भाजल्यासारखं लाल झालं. सुनेनं धावत येऊन त्याचा हात नळाखाली धरायला लावला, बराच वेळ. तो चिडला, आणि बरोबरच चिडला. पंप उचलला, चहाही न घेता निघून गेला. काकू म्हणाल्या, "आजकालच्या पोरांना काम नको." मी गप्प बसले. कधीकधी बसते मी गप्प.

आता मिस्त्री. भिंगारचे, वयस्क, डोक्याला मफलर. सायकलवर बांबूच्या लांब लांब कामट्या बांधलेल्या आणि एक स्प्रिंगची तार. आल्यावर सिंकला हातसुद्धा लावला नाही. आधी विचारलं, "काय काय ओतलंय ते खरं सांगा." सगळे एकमेकांकडं. मग सुनेनं सगळं सांगितलं, सोडा, व्हिनेगर, पावडर, आणि अॅसिडपाशी येऊन थांबली, सासऱ्यांकडं बघितलं, म्हणाली, "तेवढंच नाही ओतलं." शहाणी आहे हो मुलगी. मिस्त्रींनी हातमोजे चढवले आणि दुसरा प्रश्न विचारला.

"चेंबर कुठंय?"

बाई बाई! अशी शांतता मी त्या चौकात कधी पाहिली नव्हती. मी कुठं होते म्हणून काय विचारता, मी विरजण मागायला गेले होते. माडीवर पारवे घुमत होते तेवढाच आवाज. मुलगा काकांकडं बघतोय, काकू तुळशीकडं, आणि काका पेव्हर ब्लॉककडं.

आठवतंय ना तुम्हाला? गेल्या वर्षी नातवाचं उष्टावण होतं, तेव्हा चौकातल्या जुन्या फरश्या काढून ते लाल-करडे पेव्हर ब्लॉक बसवले. आपण सगळ्या कौतुक करायला गेलो होतो. गाडी आत लावता येते, पाहुण्यांना छान वाटतं. तेव्हा चेंबरचं झाकण दिसायला नको म्हणून काकांनीच सांगितलं, त्याच्यावरूनच घाला. "ती घाण कशाला दिसायला पाहिजे पाहुण्यांना?" असं म्हणाले होते. मी ऐकलंय.

मास्तर होतेच. पेपर मिळाला होता तरी गेले नव्हते. म्हणाले, "मोहेंजोदडोमध्ये गटारांवर विटांची, दगडाची झाकणं होती, साफ करायला उचलता यावीत अशी. चार हजार वर्षांहून जुनी. आणि त्या लोकांशी नातं सांगणारं दायमाबाद तर आपल्याच जिल्ह्यात, श्रीरामपूरच्या बाजूला. त्यांना कळलं होतं." एवढंच म्हणून चष्मा पुसायला लागले. "तुम्हाला नाही कळलं" हे बोललेच नाहीत हो, पण ऐकू मात्र सगळ्यांना आलं. काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

मास्तर एवढ्यावर थांबतील तर मास्तर कसले? मग निजामशाहीवर गेले. कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा लांबलांबच्या गावांहून शहरात पाणी आणलं होतं, भाजलेल्या मातीच्या खापरी नळांतून, पंप नाही की वीज नाही, नुसत्या उतारावर. १४९० मध्ये शहर वसवायला घेतलं त्यांनी, आणि आपण २०२४ मध्ये त्याचं अहिल्यानगर केलं, पण मोरीचा उतार काही आपल्याला साधेना, असं काहीसं चाललं होतं. मिस्त्रींनी मान डोलावली. म्हणाले, "मास्तर बरोबर बोलतात. चार इंची पाइपला चाळीस फुटांमागं एक फूट उतार लागतो. कमी पडला तर चिखल बसतो." दोघांचं असं जमलं म्हणता, मला वाटलं आता चेंबर राहतंय बाजूलाच.

तर काय सांगत होते… चेंबर. कुठं खणायचं? अख्खा चौक उखडायचा का? मुलगा म्हणतो इथं, काका म्हणतात तिथं. आणि ओसरीच्या आतून आवाज आला, आजींचा. काकांच्या आईंचा हो. खाटेवर असतात, आपल्याला वाटतं त्यांना काही कळत नाही. म्हणाल्या, "तुळशीपासून उंबऱ्याकडं पाच पावलं. माझी पावलं, तुमची नाही."

सुनेनं त्यांना धरून बाहेर आणलं. आजी तुळशीला हात लावून चालायला लागल्या, पाय ओढत, एक, दोन… पाचव्या पावलाला काठी आपटली. "इथं."

पेव्हर उचलला, वाळू काढली, आणि खाली शहाबादी फरशी! तिला लोखंडी कडी. मिस्त्रींनी आजींना वाकून नमस्कारच केला. आजींना असं बरं वाटलं, त्या तिथंच खुर्ची मागवून बसल्या आणि सांगायला लागल्या. त्यांच्या वेळी मोरीचं पाणी परसात जायचं, अळूला आणि केळीला. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची. ओशट कढई आधी राखेनं कोरडीच पुसायची, ती राख उकिरड्यावर, मग पाणी. तूप मोरीत जायचंच नाही. "तूप मोरीत घालायला आमच्याकडं तूप होतं कुठं?" म्हणाल्या, आणि सुनेकडं बघितलं. म्हणजे काकूंकडं हो, त्यांच्या सुनेकडं! काकू पदरानं नसलेला घाम पुसायला लागल्या.

मिस्त्रींनी झाकण उचललं. चेंबर जवळजवळ कोरडं! काका खूश, "बघा, काही नाही इथं." मिस्त्री म्हणाले, "साहेब, इथं कोरडं आहे म्हणजे अडकलंय ते घराच्या बाजूला. भरलेलं असतं तर बोळाच्या बाजूला म्हटलं असतं." किती साधं आहे, नाही? पण झाकणच गाडून टाकलं तर कळणार कसं?

मग त्यांनी चेंबरमधून उलटं, घराकडं, कामटी घातली. मग स्प्रिंगची तार. फिरवत फिरवत, घाई नाही, ओरडा नाही. आणि यायला लागले हो, पांढरे-पिवळे गोळे. थेट वड्या! एक टोपली भरली. वास तर… जाऊ दे, तुमच्यासमोर कोथिंबीर आहे. मिस्त्रींनी एक फोडून दाखवला. म्हणाले, हा साबणच आहे, पण विरघळत नाही असला. आपल्या बोअरचं पाणी जड, त्यात चुना, त्यात तूप आणि भांड्यांचा साबण मिसळला की हे तयार होतं. वर बिडाचा जुना पाइप आतून गंजून खरखरीत झालेला, त्याला धरून बसतं. चहाचा चोथा निघाला का? निघाला की, चिकटलेला. पण तो नुसता पाहुणा, यजमान तूपच.

मुलानं लगेच मोबाइलवर शोधलं. लंडनला व्हाइटचॅपल म्हणून भाग आहे, तिथं २०१७ मध्ये गटारात असलाच गोळा सापडला, २५० मीटर लांब आणि १३० टन! आणि त्याचा तुकडा पुढच्या वर्षी तिथल्या म्युझियममध्ये काचेच्या पेटीत ठेवला. तिकीट काढून नाही, पण लोक बघायला गेले म्हणे. काकूंना त्यातल्या त्यात बरं वाटलं. "म्हणजे लंडनच्या बायकासुद्धा ओततात," म्हणाल्या. कुणी हसलं नाही. म्हणजे मी हसले, पण खोकल्यासारखं.

आणि आता… थांबा, त्या गेल्या का गॅलरीतून? बरं.

आता मुख्य गोष्ट. त्या शेवटच्या गोळ्यात तारेला काहीतरी खटकन लागलं. मिस्त्रींनी ओढलं. काळं, बोटभर लांब. त्यांना वाटलं खिळा. पाण्यात खळबळलं, अंगठ्यानं चोळलं, म्हणाले, "चमचा आहे काहीतरी, लहान मुलाचा." आणि सुनेच्या हातावर ठेवला.

तुम्हाला कळलं ना कोणता? अहो, उष्टावणाची चांदीची चमची! सुनेच्या माहेरची! दांड्यावर बाळाच्या नावाचं अक्षर. गटारातल्या वायूनं चांदी कोळशासारखी काळी पडते, म्हणून ओळखू येईना. सुनेनं राखेनं घासली, आजींनीच राख मागवली, आणि अक्षर दिसलं. सून काही बोलली नाही. नुसती काकूंच्या समोर जाऊन उभी राहिली, हात पुढं करून.

गेल्या वर्षी काय झालं होतं, मी तुम्हाला सांगायला नको. उष्टावणाच्या दिवशी ही चमची गेली. आणि भांडी घासायला कोण होत्या? मावशी. काकूंनी तोंडावर चोर म्हटलं नाही, तेवढ्या त्या हुशार. पण दुसऱ्या दिवशी पाणी भरताना, आपण सगळ्याजणी हंडे घेऊन उभ्या असताना, म्हणाल्या ना, "आमच्याकडं वस्तूंना पाय फुटतात." मावशी शेजारीच होत्या. कळशी भरली, डोक्यावर घेतली, आणि त्या दिवसापासून वाड्याची पायरी चढल्या नाहीत. पगारसुद्धा सुनेनं गुपचूप घरी नेऊन दिला. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, मावशी असं करायच्या नाहीत.

मग चमची आत गेली कशी? तेच मिस्त्रींनी विचारलं. "सिंकला जाळी नाही का?" पुन्हा शांतता. जाळी होती हो. पण उष्टावणाच्या दिवशी पन्नास माणसांची भांडी, भाताची शितं जाळीत अडकायची, पाणी तुंबायचं, म्हणून काकूंनीच ती उचलून फडताळात ठेवली होती. सून फडताळापाशी गेली, वरच्या खणातून जाळी काढली आणि मिस्त्रींच्या हातात दिली. एक शब्द नाही.

काका म्हणाले, "झालं गेलं…" आणि पुढं काही सुचेना. मुलगा मोबाइलमध्ये. आजी मात्र खुर्चीत ताठ बसलेल्या. म्हणाल्या, "त्या बाईला कोण सांगणार?" काकूंचा चेहरा पडला, म्हणजे खरोखर पडला, मला बघवेना. तरी बघितला.

मिस्त्रींचं काम संध्याकाळपर्यंत चाललं. पाइपला चार बादल्या पाणी घालून बघितलं, सिंकखालचा ट्रॅप धुतला. त्यात दोन इंच पाणी नेहमी राहायला पाहिजे म्हणे, त्यानंच वास आणि झुरळं अडतात, म्हणून तो काढून टाकायचा नाही. जाळी बसवली. चेंबरच्या झाकणावर पेव्हर घालू दिले नाहीत, काकांनी "निदान रंग तरी" म्हणून बघितलं, तर मिस्त्री म्हणाले, "रंग द्या, पण दिसू द्या." आणि काकूंना सांगितलं, उरलेलं तेल गार झालं की बाटलीत भरायचं, ओशट भांडं आधी जुन्या पेपरनं पुसायचं. मास्तरांनी लगेच पेपर पुढं केला. वाड्याचाच होता तो.

आता आज सकाळचं. म्हणून तर तुम्हाला हाक मारली. काकू आल्या आमच्याकडं. वाटीत बेसनाचे लाडू, वर बेदाणा. इकडचं तिकडचं बोलल्या, थंडी, तूर, माझी गुडघेदुखी. मला कळेना. मग हळूच म्हणाल्या, "मावशी तुमच्याकडं येतात ना हल्ली?" मी म्हटलं येतात की, आत्ता मागं भांडीच घासतायत. मग त्या मागच्या दारापाशी गेल्या. मी चहा टाकायच्या निमित्तानं ओट्यापाशी. चहा नव्हताच टाकलेला.

काकू म्हणाल्या, "चमची सापडली हो. मोरीत होती." मावशींनी हात थांबवले नाहीत. "बरं झालं," म्हणाल्या. काकू म्हणाल्या, "मग येता का परत? पगार वाढवून देऊ." मावशींनी कढई उपडी घातली, हात धुतले, पदराला पुसले. म्हणाल्या, "यायचं नंतर बघू. पाणी भरताना चारजणींत बोलला होतात. आता हेपण तिथंच येऊन बोला."

काकू काही बोलल्या नाहीत. लाडूची वाटीसुद्धा विसरून गेल्या. लाडू छान झालेत, डालड्याचे आहेत, पण छान झालेत. तुम्हाला देते दोन.

आणि उद्या पाण्याचा दिवस. साडेसहाला या हो. हंडा भरलेला असला तरी घेऊन या.